महादेवरावांची मॅटॅडोर

डोमाजीच्या अंगणात सहा गाड्या होत्या आणि बाजाराला जायचं झालं की तो सायकल काढायचा. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघ्यात त्याची ओळखच ती होती. नवीन कुरियरवाल्यानं पत्ता विचारला की कोणीही सांगे, "सरळ जा, गाड्यांचं मसण दिसन तिथं थांबजो." डोमाजीच्या कानावर हे येत असे. मसण म्हटल्याचा त्याला राग नव्हता. गाड्या मेल्या असं लोक धरून चालतात, याचा होता. त्याच्या लेखी त्या नुसत्या आजारी होत्या.

एक फियाट, दोन जीप, एक मारुती, एक ॲम्बेसेडर आणि एक मॅटॅडोर. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यानं बत्तीस वर्षं फिटरकी केली. तिथं पाच वाजता पाने ठेवायचे आणि घरी येऊन पुन्हा उचलायचे, हा त्याचा नेम. कोणी सांगे, अमक्याच्या गोठ्यात जीप पडून आहे, की हा दोर घेऊन निघालाच. बनवू म्हणून आणलेली एकही गाडी वीस वर्षांत पुरी झाली नव्हती. त्याला कारण होतं. फियाटला काही लागलं की तो जीपमधून काढायचा, जीपला लागलं की मारुतीतून. याची टोपी त्याच्या डोक्यावर, असा कारभार. वीस वर्षांनी कोणत्या गाडीचं काय कुठं आहे, हे एक डोमाजी जाणे, आणि कधीकधी तोही नाही.

त्याची बायको कौशल्याबाई या गाड्यांच्या मधून वाट काढत म्हातारी झाली. जीपच्या बॉनेटवर कुरडया, मारुतीच्या मागच्या सीटवर कांदे, फियाटच्या टपावर मिरच्या. पहिली पाच वर्षं ती भांडली, पुढची पाच रडली आणि त्यानंतर तिनं कांदे ठेवले. चालत होती ती एकटी ॲम्बेसेडर, पण तीही फाटकापर्यंतच. दसऱ्याला झेंडूचा हार घालून डोमाजी ती चालू करायचा, आठ हात पुढे, आठ हात मागे. धूर निघाला की गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायची.

यंदा मात्र गोष्ट बदलली. अल्लीपूरला कौशल्याबाईच्या वडिलांच्या जमिनीतले तीन एकर तिच्या वाट्याला आले. विहीर होती, भावानं दोन खोल्याही उभ्या करून दिल्या. शहरात आता काय ठेवलं आहे, असं म्हणून दोघांनी पिपरीचा प्लॉट विकला. घेणाऱ्याला अक्षय तृतीयेला भूमिपूजन करायचं होतं. त्याची अट एकच, प्लॉट मोकळा पाहिजे. कौशल्याबाईनंही मग आपली अट घातली.

"वावरात एकच गाडी येईन," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "अन् तेबी आपल्या पायानं. ओढून आणान तं मी माह्या बापाच्या धुऱ्यावर पाय ठेवू देनार नाई तिले."

"ॲम्बेसेडर येते ना. ब्रेकचं तेवढं काम हाये."

"वीस वर्षं झाले, तेवढंच काम हाये."

डोमाजी हसला. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं तर त्याला बरं वाटलं होतं. सहातली एक आपल्या पायानं निघाली की बाकी पाचांचं पाप फिटलं, असा त्याचा हिशेब. आतल्या रस्त्यानं, उजाडता उजाडता, ॲम्बेसेडरमध्ये कौशल्याबाईला मागं बसवून अल्लीपुरात शिरायचं. एवढंच त्याला हवं होतं.

पहिली फियाट गेली. नाचणगावच्या रस्त्यावर धाबा टाकलेले प्रभाकरराव ती पाहायला आले. पांढरे बूट, कमरेला दोन मोबाइल. डोमाजीनं उत्साहानं बॉनेट उघडलं. कार्बोरेटर नवा बसवलाय, कॉइल ओरिजिनल आहे, असं तो सांगू लागला.

"इंजिन नको मले," प्रभाकरराव म्हणाले. "काढून घ्या. वजनच कमी होईन."

"मंग चालन कशी?"

"चालवाची कोनाले हाये? धाब्यासमोर उभी करतो. बॉनेटमदी माती भरून फुलझाडं लावतो. लोकं सेल्फी काढतेत."

डोमाजीनं दोन दिवस खपून फियाटचं इंजिन उतरवलं. क्रेन तिला उचलून घेऊन गेली तेव्हा तिची चाकं हवेत आपोआप फिरत होती. तो आत जाऊन पाणी प्यायला. माठातलंही पाणी कोमट होतं.

मग कवडू भंगारवाला आला, गॅसकटर आणि दोन माणसं घेऊन. कवडू तसा मायाळू. प्रत्येक गाडी कापायच्या आधी तो तिला हात लावून कपाळाला लावायचा. पण हात जोडून झाले की कटर चालायचाच. चैत्राचं ऊन, वरून कटरची आग. पत्रा कापताना सुटणारा जळक्या रंगाचा वास दुपारभर घरात भरून राहायचा. डोमाजी डोक्याला ओला गमछा बांधून उभा राही आणि मध्येच ओरडे, "थांब, थांब, ते काढून घेऊ दे." कवडू थांबे. डोमाजी एखादा पाना लावून काही सोडवून घेई आणि ते हातात घेऊन उभा राही, कारण ते लावायला आता गाडीच नव्हती. चार दिवसांत दोन्ही जीप आणि मारुती गेली. मारुती उचलताना सीटखालून कौशल्याबाईचे दोन हरवलेले चमचे निघाले. ते धुऊन तिनं फळीवर ठेवले.

राहिल्या दोन. ॲम्बेसेडर आणि मॅटॅडोर.

मॅटॅडोर डोमाजीची नव्हती. ती अल्लीपूरच्या महादेवरावांची. मांडव आणि बिछायतीचा त्यांचा धंदा. बांबू, गाद्या, तंबू, स्वयंपाकाचे मोठे गंज या मॅटॅडोरमधून पंचक्रोशीतल्या लग्नांना जायचे. महादेवराव कौशल्याबाईचे गावभाऊ. तिचे सख्खे भाऊ होते, पण राखीला वर्ध्याला येणारे हे एकटेच. चौदा वर्षांपूर्वी गिअरबॉक्स बिघडला म्हणून त्यांनी गाडी डोमाजीकडे आणून लावली. बहिणीच्या घरी गाडी म्हणजे आपल्याच घरी, असा त्यांचा विश्वास. पुढे त्यांनी दुसरी गाडी घेतली, पण दर राखीला आले की ताडपत्री वर करून मॅटॅडोरच्या बॉनेटवर थाप मारायचे आणि विचारायचे, "जावाईबापू, कोठपर्यंत आलं?" बॉनेट त्यांनी कधी उघडलं नाही. डोमाजी अशा वेळी ॲम्बेसेडरकडे पाठ करून उभा राहायचा.

ब्रेकचं काम संपलं त्या सकाळी महादेवरावांच्या मुलाचा, गजेंद्रचा फोन आला. धंदा आता तोच पाहत होता. डोमाजीचे हात तेलानं भरलेले, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"काका, बाबाले मांगच्या महिन्यात लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलतेत, पन समजाले वेळ लागते."

"अरे बापा! सांगितलं नाई काऊन?"

"गडबडीत राहून गेलं. तुमी इकडंच राह्याले येऊन राह्यले म्हून सांगितलं, तं बाबानं सारखं लावून धरलं. गाडी झाली का इचारा म्हन्ते. आवाज ऐकवा म्हन्ते फोनवर." मागून एक जड, ओढलेला आवाज आला. शब्द कळले नाहीत. "ऐकवा ना काका दोन मिनिटं. मानूस जेवत नाईये."

डोमाजी अंगणात उभा होता. उजवीकडे मॅटॅडोर, ताडपत्रीखाली. डावीकडे ॲम्बेसेडर. नाही म्हणायचं त्याच्या मनात होतं, देवाशपथ होतं. पण हात आधीच ॲम्बेसेडरच्या दारात गेला होता. त्यानं चावी फिरवली. डिझेल इंजिन खोकललं, धडधडलं आणि एका लयीत चालू लागलं. डोमाजीनं फोन बॉनेटजवळ धरला.

पलीकडे तो ओढलेला आवाज हसला की रडला, आणि यावेळी शब्द कळले. "हेच. माहीच हाये. माहीच."

डोमाजीनं फोन बंद केला, इंजिन बंद केलं. वळून पाहतो तर कौशल्याबाई हातात झाडू घेऊन उभी.

"महादेवदादाले मॅटॅडोरचा आवाज पाह्यजे होता," ती म्हणाली. "तुमी ॲम्बेसेडरचा काऊन ऐकवला?"

त्यानं चावी काढून खिशात टाकली.

"अन् दादा माहीच म्हून कसं म्हनून राह्यला?"

खोटं बोलायला डोमाजीला चौदा वर्षं मिळाली होती, आता एक शब्दही सुचला नाही. तो ॲम्बेसेडरच्या उघड्या दारात बसला.

"तिच्यातलंच हाये हे," तो म्हणाला. "ॲम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन बसलं होतं. म्हटलं, दोन दिवस लावून पाहू. गिअरबॉक्सबी सुदरला होता. लावला अन् इतकं सुंदर चाललं, कौशल्या... मंग काढाले हातच नाई झाला."

"म्हंजे त्या गाडीत?"

"काईच नाई."

कौशल्याबाईनं झाडू खाली ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलली, नळावर दुसऱ्या बायकांना ऐकू जाऊ नये तशी.

"चौदा वर्षं मी त्याले राखी बांधून राह्यली. तो बाहीर बॉनेटवर हात फिरवून अंदर येऊन बसे, अन् मी त्याले ओवाळी. तुमी तिथंच उभे. तुमाले लाज कशी नाई वाटली?"

"वाटे ना. रोजच वाटे."

"मंग?"

त्याच गावात, त्याच माणसाच्या घरासमोरून, त्याचंच इंजिन धडधडवत आपण शिरणार होतो, हे डोमाजीला आता पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसलं. महादेवराव आडवे पडले असले तरी कान शाबूत होते. पुढं पळायला जागा नव्हती आणि मागं प्लॉट विकून झालेला. अक्षय तृतीयेला आठ दिवस होते.

"काढतो," तो म्हणाला. "जिथलं तिथं लावतो."

"मंग ॲम्बेसेडर?"

"तिचं काय. कवडूले देऊन टाकू."

तीन पायांची लोखंडी घोडी उभी केली, तिला चेनपुली टांगली. एकसष्ट वर्षांचा माणूस ॲम्बेसेडरच्या खाली उताणा शिरला. वरून मातीत मिसळलेलं ऑइल डोळ्यांत, नाकात पडत होतं. चौदा वर्षांपूर्वी यानंच आवळलेले नट आता यालाच सुटेनात. दुसऱ्या दिवशी पाना निसटला आणि डाव्या हाताचं मधलं बोट चेचलं. नख काळं पडलं. कौशल्याबाईनं हळद लावून चिंधी बांधली. तिसऱ्या दिवशी इंजिन उचलायची वेळ आली तेव्हा साखळी ओढायला माणूस नव्हता. डोमाजी एका हातानं इंजिन सावरत दुसऱ्यानं साखळी ओढायला गेला आणि अर्ध्यात अडकला. सोडलं असतं तर पायावर येतं.

"कौशल्या!"

ती आली. पदर खोचला आणि साखळी धरली. दोघांनी मिळून ते धूड वर घेतलं. घोडीचे पाय मातीत रुतत होते. ती ओढी, तो ढकली, ती थांबे, तो पाचर मारी. उन्हानं साखळीही तापलेली. तिच्या हातांना फोड आले. एवढ्या वर्षांत ती या गाड्यांना पहिल्यांदा कामासाठी हात लावत होती.

"हळू," तो म्हणे.

"मले सांगू नका," ती म्हणे.

इंजिन मॅटॅडोरच्या पोटात बसायला आणखी तीन दिवस गेले. मॅटॅडोरचा पत्रा गळला होता, पायाखालची जमीन दिसत होती. डोमाजीनं पट्ट्या जोडल्या, पाइप बदलले, उंदरांनी खाल्लेल्या वायरी नव्या ओढल्या. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसरीकडून काही न उचलता गाडी बनवत होता. उचलायला पोकळ ॲम्बेसेडर सोडून दुसरी गाडीच नव्हती. सातव्या दिवशी सकाळी त्यानं चावी फिरवली. दोनदा नुसता धूर. तिसऱ्यांदा मॅटॅडोर धडधडली. त्यानं ती पुढं घेतली, मागं घेतली, फाटकाबाहेर काढून गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली. त्याला हसू आवरेना. कौशल्याबाई दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, पण डोळ्यांत तिच्याही हसू होतंच.

"झाली," तो म्हणाला. "कौशल्या, झाली ना वं!"

फोन केला तसा गजेंद्र दुपारी आला. डोमाजीनं त्याला काहीच आधी सांगितलं नाही. इंजिन चालू करून दिलं आणि बाजूला उभा राहिला. बोलायचे शब्द त्यानं रात्रीच जुळवून ठेवले होते, की बाबू, उशीर झाला, पण काम पक्कं आहे.

"वा काका," गजेंद्र म्हणाला. "मले वाटलं नोतं." त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पाय लावला. "पन हिचं करू काय मी? पासिंग होत नाई, कागद मेले. घरी दोन पिकअप उभ्या हायेत, तिसरी ठेवाले जागा नाई."

"बाबाले तं दाखव. एक चक्कर मारून आन."

"बाबाले खाटेवरून उचलाले तीन मानसं लागतेत, काका. अन् एकदा अंगनात आली की ते मरेपर्यंत हलवू देनार नाईत. मले मांडव ठेवाले तेवढीच जागा हाये." गजेंद्र वाईट मुलगा नव्हता. रात्रंदिवस बापाचं मलमूत्र काढून त्याचे डोळे आत गेले होते. त्यानं अंगणात नजर फिरवली. कवडू ॲम्बेसेडरच्या मागच्या दाराशी कटर पेटवत होता. "हा घेते का?"

डोमाजीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "चालू हाये रे ते. बंदबी नाई केलं अजून."

"बंद करा ना मंग. डिझल काऊन जाळता?"

कवडूनं डोमाजीकडे पाहिलं. डोमाजी काय बोलणार? गाडी त्यांची, इंजिन त्यांचं. माझं आहे म्हणायचा हक्क त्यानं चार दिवसांपूर्वीच आपल्या हातानं उतरवून ठेवला होता. त्यानं खिडकीतून हात घालून चावी फिरवली. कवडूनं मॅटॅडोरला हात लावला, तो कपाळाला लावला.

"एक करजा काका," जाताना गजेंद्र म्हणाला. "बाबाले सांगू नका, मी भंगारात देल्ली म्हून. बाकी काय सांगाचं ते पाहून घेऊ."

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी भाड्याच्या टेम्पोत सामान चढलं. डोमाजी मागं गाद्यांवर बसला, कौशल्याबाई ड्रायव्हरजवळ. रिकाम्या अंगणात सहा ठिकाणी काळे, तेलकट चौकोन उरले होते. टेम्पो अल्लीपुरात शिरला तेव्हा वाटेतच महादेवरावांचं घर लागलं. ओसरीवर गजेंद्र उभा. आधी भेटून पुढं जाऊ, असं कौशल्याबाईनंच म्हटलं. गावाची रीत होती ती. आणि न थांबता गेलं असतं तर ते जास्त दिसलं असतं.

महादेवराव खाटेवर होते. अंगानं अर्धे झालेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोमाजीला पाहून त्यांचा डावा हात वर झाला.

"आनली?" त्यांनी विचारलं.

डोमाजी खाली बसला.

"आनली का नाई? आवाज... म्या ऐकला." ते दाराकडे पाहू लागले. "बाहीर नेऊन बसवा मले."

गजेंद्र दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याची नजर खाली गेली. खोलीत फिनाइलचा वास होता, आणि पंखा एकाच जागी टकटक करत होता. डोमाजीनं कौशल्याबाईकडे पाहिलं. तिनं नजर काढून घेतली नाही, पण मदतही केली नाही. पोरानं विकली, हे या माणसाला सांगायचं? ज्याच्या हातचा घास खाऊन याला उरलेले दिवस काढायचे आहेत, त्या पोरानं? त्यापेक्षा आपण कोण, बहिणीचा नवरा. आणि चोरी तर केलीच होती.

"दादा," तो म्हणाला, "तो आवाज माह्या गाडीतून आला होता. म्या चौदा वर्षांआधी तुमचं इंजिन काढून माह्या ॲम्बेसेडरले लावलं. तुमच्या गाडीत काईच नोतं. तुमी दरसाल हात फिरवत होते, ते रिकाम्या डब्यावर. दोन्ही गाड्या भंगारात गेल्या."

महादेवराव किती तरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. ऐकलेलं आत पोचायला वेळ लागत होता, आणि ते पोचताना डोमाजीला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चौदा वर्षांत त्यानं हे कितीदा मनात बोलून पाहिलं होतं. बोललो की सुटू, असं त्याला तेव्हा वाटायचं.

"कौशी," महादेवराव शेवटी म्हणाले. "तुले माईत होतं?"

कौशल्याबाईनं गजेंद्रकडे पाहिलं. गजेंद्र वळून पंख्याचं बटण फिरवू लागला.

"होतं, दादा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे केलं. अर्ध्या अंगानं ते करायलाही त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे नुसते पाहत राहिले.

बाहेर टेम्पोवाला घाई करत होता. गजेंद्र मागोमाग ओसरीपर्यंत आला आणि परत आत गेला. डोमाजी टेम्पोच्या फाळक्यावर पाय ठेवून चढायला लागला, तर कौशल्याबाई त्याच्याजवळ येऊन थांबली. तिचे फोड अजून वाळले नव्हते.

"विहिरीचं पानी खारं हाये," ती म्हणाली. "पियाचं पानी याच दारावरून आनाचं हाये मले. रोज दोन टाइम."